कोळंबीचे पाणी कोणते? : कामवारीपासून वसईच्या खाडीपर्यंत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडून इतिहासाचा लेख मागितला होता. आम्ही मात्र कोळंबीवर लिहीत आहोत. इतिहासाच्या शिक्षकाने जीवशास्त्राच्या शेतात का शिरावे, असा प्रश्न सहकाऱ्यांना पडेल. त्याचे उत्तर शाळेच्या मागील अंगणातील सिमेंटच्या हौदात आहे आणि ते आम्हाला भूषणावह नाही.

काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात प्राचीन बंदरांचा पाठ चालू होता. सोपारा, कल्याण, खाडीतून होणारी वाहतूक असे बोलता बोलता खाडीतील मासळीचा विषय निघाला. एका मुलाने विचारले, "सर, कोळंबी गोड्या पाण्यातली की खाऱ्या पाण्यातली?" वर्गात लगेच तीन पक्ष पडले. खारबावकडचा मुलगा म्हणाला, खाडीतली. शहापूरची मुलगी म्हणाली, आमच्या ओढ्यात असते, मी हाताने धरली आहे. परभणीकडून आलेला एक मुलगा बराच वेळ गप्प होता, शेवटी तो म्हणाला, "सर, कोळंबी पुडीतली असते." वर्ग हसला. त्याने आयुष्यात फक्त आठवडी बाजारातील सुकट पाहिली होती. तिघांचेही म्हणणे खरे होते, हे आम्हाला त्या दिवशी पुरते ठाऊक नव्हते.

मुलांना प्रत्यक्ष दाखवावे म्हणून काल्हेरच्या बाजूला खाडीत पाग टाकणाऱ्या एका ओळखीच्या आगरी गृहस्थांकडून आम्ही जिवंत कोळंबी मागवली. बादलीतून ती शाळेत आली आणि नळाच्या पाण्याने भरलेल्या हौदात आम्ही ती सोडली. संध्याकाळभर मुले हौदाभोवती होती. पहाटे वंदनेसाठी उठलो तेव्हा हौदाच्या तळाशी सगळी कोळंबी मरून पडली होती. त्यानंतर अर्ध्या तासाने मुलांनी नित्याप्रमाणे त्रिशरण-पंचशील म्हटले. पहिले शील कोणते, हे बौद्ध शाळेच्या स्मरणिकेत सांगण्याची आवश्यकता नाही. वंदना संपल्यावर सहावीतील एका मुलीने विचारले, "सर, ती कोणी मारली?" तिच्या स्वरात आरोप नव्हता, तिला केवळ माहिती हवी होती. ती माहिती मिळवण्यासाठी आम्ही जे वाचले, विचारले आणि पाहिले, ते येथे मांडत आहोत.

आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी दोन कारणे सांगितली. एक क्लोरीन. भिवंडीच्या नळाला येणाऱ्या पाण्यातील बराच भाग शहाड येथे उल्हास नदीतून उचलला जातो आणि टेमघरला शुद्ध होऊन येतो. जंतू मरावेत म्हणून त्यात जे मिसळतात ते कोळंबीच्या कल्ल्यांनाही सोसत नाही. दुसरे कारण मीठ, किंवा अधिक नेमके म्हणायचे तर मिठाचा एकाएकी झालेला अभाव.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्रात राहणाऱ्या प्राण्याचे रक्त त्या खारटपणाशी जुळवून घेतलेले असते. पाण्याचा स्वभाव असा की पातळ पडद्याच्या दोन बाजूंस कमी-अधिक मीठ असेल, तर ते कमी मिठाकडून अधिक मिठाकडे झिरपते. यालाच परासरण म्हणतात. खारट रक्ताची कोळंबी गोड्या पाण्यात पडली की कल्ल्यांच्या नाजूक पडद्यांतून पाणी तिच्या शरीरात शिरू लागते आणि शरीरातील क्षार बाहेर पाझरू लागतात. गोड्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जातींनी यावर उपाय शोधला आहे. आत आलेले जादा पाणी त्या सतत बाहेर टाकतात आणि कल्ल्यांतील विशिष्ट पेशींच्या साहाय्याने पाण्यातील अल्पस्वल्प क्षार सतत आत ओढून घेतात. हे काम फुकट होत नाही. खाल्लेल्या अन्नातील ऊर्जा त्यावर खर्ची पडते. खाडीतील कोळंबीलाही हे काम काही अंशी येते, परंतु तिला वेळ लागतो. खाडीत खारटपणा हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. आम्ही तिला बादलीतून हौदात एका क्षणात टाकले.

हा हळूहळू चढणारा आणि उतरणारा खारटपणा समजून घ्यायचा तर आपल्याच गावाचा भूगोल पुरेसा आहे. भिवंडीच्या नदीनाक्यावरून आपण रोज जी ओलांडतो ती कामवारी. ती पुढे उल्हासच्या खाडीला मिळते. उल्हास नदी खंडाळ्याच्या घाटालगतच्या डोंगरांतून निघते, कर्जत, बदलापूर असे करीत कल्याणला येते. वाटेत भातसेचे पाणी घेतलेली काळू तिला मिळते. पुढे ठाण्याच्या उत्तरेला तिचे मुख्य पाणी घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीतून समुद्रात जाते. पण समुद्रही स्वस्थ बसत नाही. दिवसातून दोनदा भरतीचे पाणी खाडीतून वर चढते, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला अधिक आणि अष्टमीच्या भांगाला कमी. पावसाळ्यात नदीला पूर असतो तेव्हा गोडे पाणी खाऱ्याला पार खाली रेटते. एप्रिल-मेमध्ये नदी क्षीण झाली की खारे पाणी वर सरकते. म्हणजे गोड्या-खाऱ्याची सीमा नकाशावर रेघ मारून दाखवता येत नाही. ती चालती सीमा आहे. त्या सीमेवरच्या पाण्याला आपल्याकडे मचूळ पाणी म्हणतात आणि कोळंबीच्या दृष्टीने तेच सर्वांत महत्त्वाचे पाणी होय.

आमच्या मुलांनी एक साधा प्रयोग केला. कशेळीच्या पुलाजवळील एक लिटर पाणी गाळून पातेल्यात आटवले. मे महिन्यात पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसला. ऑगस्टमध्ये त्याच जागेच्या पाण्याने जेमतेम एक डाग ठेवला. तराजूची गरज भासली नाही.

आता वर्गातील तीन पक्षांकडे येऊ. खारबावच्या मुलाची कोळंबी ही मूळची समुद्राची. आपण ज्यांना टायगर, पांढरी कोळंबी इत्यादी नावांनी ओळखतो त्या जातींची मादी खुल्या समुद्रात अंडी सोडते, एका वेळी लाखोंनी. ती अंडी पोटाशी वागवत नाही. पाण्यात सोडून देते. अंड्यांतून निघालेले डिंभ रूपे पालटत, दोन-तीन आठवड्यांत किनाऱ्याकडे सरकतात आणि भरतीबरोबर खाडीत शिरतात. तिवरांच्या मुळांशी, चिखलात, मचूळ पाण्यात त्यांना अन्न मिळते आणि मोठ्या माशांपासून आडोसाही मिळतो. काही महिने तेथे वाढून, अंगाने भरली की ती पुन्हा समुद्राकडे निघतात. म्हणजे खाडी हे तिचे बालपणाचे घर. आमच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे तर ती तिची निवासी शाळा आहे. खाडीतील मोठी चिंबोरीही अशीच: वाढते तिवरांच्या चिखलात, पण अंडी उबवून सोडायला मादी समुद्राच्या दिशेने जाते.

शहापूरच्या मुलीच्या ओढ्यातील कोळंबीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. तळ्या-ओढ्यांत जे बोटभर लांबीचे, जवळजवळ पारदर्शक झिंगे दिसतात त्यांतील काही जाती आपले सबंध आयुष्य गोड्या पाण्यातच काढतात. पण त्यांच्याच कुळातील सर्वांत मोठी कोळंबी, जिला बाजारात जम्बो कोळंबी आणि शास्त्रात मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी म्हणतात, तिची तऱ्हा उलटी. ती वाढते नदीच्या गोड्या पाण्यात. नर फूटभर लांब होतो, निळे लांबलचक पंजे मिरवतो. मादी हजारो अंडी पोटाखाली वागवते, सुमारे तीन आठवडे. अंडी आधी नारिंगी, पिकत आली की करडी दिसतात. परंतु अंड्यांतून निघालेला डिंभ गोड्या पाण्यात चार-पाच दिवसांहून अधिक जगू शकत नाही. त्याला समुद्राच्या साधारण एक तृतीयांश खारटपणाचे पाणी लागते. म्हणून अंडी वागवणारी मादी नदीच्या प्रवाहाबरोबर खाली, मचूळ पाण्यापर्यंत उतरते. तेथे डिंभ जन्मतात, अकरा वेळा रूप पालटतात, मग नखाएवढ्या कोळंबीच्या आकाराला येतात आणि नदीच्या उगमाकडे तोंड करून निघतात. काठाकाठाने, प्रवाहाविरुद्ध, ओल्या दगडांवरून चढत ती वर जातात.

ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. नद्यांतून ही कोळंबी शतकानुशतके पकडली जात होती, पण तिची पिल्ले हौदात जगवणे कोणालाच साधत नव्हते. १९६०च्या दशकाच्या आरंभी मलेशियातील पेनांग येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे शास्त्रज्ञ शाओ-वेन लिंग यांनी ते साधले. डिंभ मरत होते. त्यांनी नाना पदार्थ पाण्यात घालून पाहिले. अखेर मीठ कामी आले. आमच्या हौदातील कोळंबी मीठ नव्हते म्हणून गेली आणि लिंग यांची मीठ मिळाल्यावर जगली, हे वाचले तेव्हा आम्हाला थोडे हसू आले आणि थोडी लाजही वाटली. जगभरचे जम्बो कोळंबीचे संवर्धन त्या शोधावर उभे राहिले. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांत या कोळंबीचे बी आज सोडतात तेव्हा ते केंद्रातून आणावे लागते. ती त्या तलावांत उत्तम वाढते, पण तेथे तिला संतती होत नाही. समुद्र शेकडो मैल दूर आहे.

आणि पुडीतील कोळंबी? सुकट म्हणून मराठवाड्यात जे विकले जाते त्यात मुख्यत्वे जवळा असतो. जवळा हा दीड-दोन बोटांचा, समुद्रातच जन्मणारा आणि समुद्रातच मरणारा जीव आहे. तो कोकणच्या किनाऱ्यावर डोळीच्या जाळ्यांत टनावारी सापडतो आणि वाळूत नाहीतर ओट्यावर वाळवून देशावर जातो. ज्या वस्त्यांनी समुद्र कधी पाहिला नाही, ज्यांना ताजे मांस-मासे परवडत नव्हते, त्या आमच्या वस्त्यांत पावसाळ्याचे कालवण या मूठभर सुकटीवर होत असे. कांदा, तिखट आणि सुकट, वर भाकरी. तिच्या वासावरून आमच्या घरांना नावे ठेवणारेही होते. परभणीच्या मुलावर वर्ग हसला तेव्हा आम्हाला ते आठवले आणि आम्ही पुढचा एक सबंध तास जवळ्यावर घेतला.

या सर्वांहून निराळा एक जीव आहे, आणि आमच्या मते तो या विषयातील खरा विद्वान होय. पहिल्या पावसात भाताच्या खाचरांत आणि ओढ्यांच्या कडेला जे खेकडे बिळांतून वर येतात, ज्यांना आपल्याकडे मुठे म्हणतात, त्यांनी समुद्राशी संबंध पूर्ण तोडला आहे. त्यांची अंडी लाखांत नसतात, शेकड्यांत असतात. पण प्रत्येक अंडे मोठे, पिवळ्या बलकाने भरलेले असते. पाण्यात तरंगणारा डिंभ त्यांच्या आयुष्यात येतच नाही. सारी रूपांतरे अंड्याच्या आत उरकतात आणि बाहेर येतो तो थेट बाजरीच्या दाण्यासारखा चिमुकला खेकडा. मादी ही पिल्ले काही दिवस पोटाखालच्या झाकणीत सांभाळते. समुद्राने जे काम केले असते ते तिने आपल्या अंड्याच्या पोटात घेतले. मुरबाड-शहापूरच्या कातकरी मुलांना हे आमच्या आधी ठाऊक होते. पोटाशी पिल्ले असलेली मुठी सापडली तर ती सोडून द्यायची, असे त्यांतील एकाने सांगितले. कोणत्या पुस्तकात वाचले, असे विचारण्याचा मूर्खपणा आम्ही केला नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला मिठागरे आहेत. समुद्रापेक्षा कितीतरी अधिक खारट झालेल्या पाण्यात आर्टेमिया नावाचा बारीक कवचधारी राहतो. मुंबईच्या वडाळ्याच्या मिठागरांतून त्याची नोंद आहे. भाताच्या खाचरापासून मिठागरापर्यंत एकच कूळ पसरलेले आहे. फरक आहे तो प्रत्येकाने पाण्याशी केलेल्या कराराचा.

जम्बो कोळंबीचा करार मात्र असा आहे की नदी वरपासून खालपर्यंत मोकळी असली पाहिजे. उल्हास आता मोकळी नाही. कल्याणच्या वरच्या अंगाला मोहन्याचा बंधारा आहे. भातसा नदीवर आपल्याच भिवंडी तालुक्यात पिसे येथे बंधारा आहे आणि तेथून मुंबईला पाणी जाते. हे बंधारे नसते तर आम्हाला प्यायला पाणी नसते, हेही तितकेच खरे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना पाटबंधारे आणि वीज ही खाती त्यांच्याकडे होती, आणि दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय योजनेचा पाया त्याच काळात घातला गेला. नदीचे पाणी अडवून ते सर्वांच्या उपयोगी आणावे, या विचाराचे आम्ही वारसदार आहोत. तेव्हा बंधाऱ्याला शिव्या घालणे आम्हाला शोभणार नाही. पण बंधाऱ्याच्या एका कडेला उतरती, ओली, खडबडीत वाट ठेवली तर नखाएवढी कोळंबी ती चढून जाऊ शकते. माशांसाठी आणि कोळंबीसाठी अशा वाटा बांधतात, जगात कित्येक ठिकाणी बांधल्या आहेत. बंधारा बांधताना कोणी तिला विचारात घेतले नाही, एवढेच.

बंधाऱ्याहून अधिक अवघड गोष्ट खालच्या पाण्याची आहे. कामवारी शहरातून जाताना गावाचे सांडपाणी घेते आणि डाईंग-सायझिंगचे रंगीत पाणीही घेते. मचूळ पाण्याचा जो पट्टा कोळंबीच्या पिल्लांचे घर, तोच आपल्या गटारांचे मुख झाला आहे. सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते. आणि प्राणवायू संपला की खारे-गोडे हा भेदच निरर्थक ठरतो. येथे आमच्या लेखणीला अडखळावे लागते. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे पालक याच यंत्रमागांवर, याच कारखान्यांत रात्रपाळी करतात. त्यांच्या मजुरीवर मुले शिकतात. पाग टाकणाऱ्या ज्या गृहस्थांचा वर उल्लेख केला त्यांचा मुलगाही आता गोदामात हमाली करतो. तेव्हा दोषी कोण, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. मजुरी आणि नदी यांतील एकच निवडा, असे कामगाराला सांगणे हा मात्र अन्याय आहे. सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च कापडाच्या किमतीत धरायचा असतो. तो धरला जात नाही आणि खाडीच्या काठावरच्या माणसाकडून वसूल होतो.

सीमा दुसऱ्या बाजूनेही मोडता येते. तामिळनाडूच्या नागपट्टिणम भागात, जेथे १९६८ साली किळवेण्मणी गावी ४४ दलितांना जाळून मारण्यात आले, तेथे पुढे भूमिहीन दलित कुटुंबांना जमीन मिळवून देण्याचे काम सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन् आणि कृष्णम्माळ या दांपत्याने केले. १९९०च्या सुमारास त्या भागात निर्यातीच्या कोळंबीचे तलाव आले. शेताशेजारी खारे पाणी साठवले गेले, ते झिरपले, विहिरी खारावल्या, भाताची मजुरी गेली. जगन्नाथन् सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारा नियंत्रण क्षेत्रातील असे तलाव काढून टाकण्याचा आणि बाधितांना भरपाई देण्याचा आदेश दिला. पुढे २००५च्या कायद्याने या धंद्याला पुन्हा नियमांच्या चौकटीत वाट दिली, ती कथा निराळी. गोडे पाणी खारे झाले की पहिली तहान कोणाला लागते, हे त्या खटल्याच्या कागदपत्रांत दिसते.

पाण्यापर्यंत जाण्याची वाट म्हटली की आमच्या पिढीला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. २० मार्च १९२७चा चवदार तळ्याचा दिवस सर्वांना पाठ आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरचा एक तपशील मात्र विद्यार्थ्यांच्या लक्षात नसतो. दुसऱ्या परिषदेसाठी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी २४ डिसेंबरला मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी सावित्रीच्या खाडीतील दासगाव बंदरात उतरले. तेथून महाडपर्यंत सुमारे पाच मैल ते चालत गेले. समुद्र, मग खाडी, मग पायी वाट, आणि शेवटी गोड्या पाण्याचे तळे. नकाशावर ही रेघ काढताना एका विद्यार्थिनीने जम्बो कोळंबीच्या पिल्लांच्या वाटेचीही रेघ शेजारी काढली. आम्ही तिला म्हटले, उपमा फार ताणू नकोस. कोळंबीला कोणी धर्मशास्त्र दाखवून अडवले नव्हते. रेघ मात्र खोडायला सांगितली नाही.

आता सहावीतील मुलीच्या प्रश्नाकडे परत जाऊ. तो आमच्या धम्मातील जुना प्रश्न आहे. दिल्ली-टोपरा आदी स्तंभांवर असलेल्या पाचव्या स्तंभलेखात सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर अवध्य ठरवलेल्या प्राण्यांची यादी दिली आहे. पोपट, मैना, चक्रवाक, हंस, कासव यांच्याबरोबर त्या यादीत 'अनठिकमछे' हा शब्द आहे. त्याचा अर्थ हाडे नसलेला मासा. तो नेमका कोणता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ती कोळंबी असावी असेही एक मत आहे. हाडे नसलेला आणि तरी मासा म्हणवला जाणारा प्राणी आमच्या डोळ्यांपुढे तरी दुसरा येत नाही. त्याच लेखात चातुर्मासाच्या पौर्णिमा आणि उपोसथाचे दिवस येथे मासे मारण्यास व विकण्यास मनाई आहे. लक्षात घेण्याजोगे असे की मनाई काही जातींची आणि काही दिवसांची आहे. कोळ्याचा धंदाच बंद करा, असे अशोक म्हणत नाही. अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींच्या काळात सोपाऱ्याला मिळाला, म्हणजे आपल्याच खाडीच्या मुखापाशी. तो आठव्या शिलालेखाचा आहे. प्राण्यांची यादी त्यात नाही. पण त्या राजाचा शब्द या पाण्याच्या काठापर्यंत पोहोचला होता, एवढे त्यावरून निश्चित होते.

आणि कोळी? नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत एक लहान लेणे आहे. ते मुगुदास नावाच्या 'दासका'ने सहकुटुंब दान दिले, असे तेथील लेख सांगतो. दासक म्हणजे धीवर, मासे धरणारा, असा अर्थ अभ्यासकांनी केला आहे. संघाने त्याचे दान घेतले. ज्याच्या हातात जाळे होते त्याच्या नावाचे लेणे भिक्खूंच्या निवासाला चालले. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा खारबावचा मुलगा ताठ बसला.

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र असते, परिस्सावन. पाण्यातील बारीक जीव मरू नयेत म्हणून पाणी गाळून प्यायचे, असा विनयाचा दंडक आहे. विहिरी-तळ्यांत सायक्लॉप्स नावाचा एक सूक्ष्म जीव असतो. तोही कवचधारीच, कोळंबीचा दूरचा भाऊबंद. तो पोटात गेला तर त्याच्यातून नारूचा जंतू माणसाच्या शरीरात शिरे आणि वर्षभराने हातभर लांबीचा कृमी पायातून बाहेर पडे. पायऱ्यांच्या विहिरी आणि उघडी डबकी ही नारूची आगरे. ज्यांना चांगल्या विहिरीवर जाऊ दिले जात नव्हते त्यांना डबक्याचेच पाणी प्यावे लागे. आमच्या आजोळच्या वडीलधाऱ्यांच्या पोटऱ्यांवर नारूचे व्रण आम्ही लहानपणी पाहिले आहेत. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. त्यासाठी लस नव्हती, औषध नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हातपंप बसले आणि घराघरात पाणी फडक्यातून गाळले गेले. ते फडके परिस्सावनाहून निराळे नव्हते. सायक्लॉप्सही वाचला आणि माणूसही.

त्या पहाटे आम्ही मुलीला उत्तर दिले नव्हते. वर्षभराने, ती सातवीत गेल्यावर, दिले: आम्ही मारली, माहिती नव्हती म्हणून. ती म्हणाली, "मग आता माहिती आहे ना?"

हौद अजून आहे. त्यात आता नळाचे पाणी सरळ भरत नाहीत. दोन दिवस उघड्यावर ठेवून मग घालतात. खाडीची कोळंबी पुन्हा आणली नाही. वऱ्हाळदेवी तलावातील झिंगे मॅडमनी एकदा आणले, ते आठवडाभर ठेवून मुलांनी परत नेऊन सोडले. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कातकरी वाडीतील मुले मुठे घेऊन येतात. गेल्या पावसात त्यांत पोटाशी पिल्ले असलेली एक मुठी होती. तिला परातीत ठेवून सगळ्या वर्गांना दाखवले, झाकणीखालची पिल्ले भिंगातून मोजण्याचा प्रयत्न झाला, तो साठाच्या पुढे फसला. दुपारच्या जेवणाआधी दोन मुले तिला जेथून आणली त्याच बांधावर सोडून आली.